ओट्याची उंची

मागच्या वर्षी आमच्या फुटपट्टीला आर्किटेक्चरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला नाही, त्याला कारण मी. हे मी कोणापुढे कबूल केलेलं नाही, पण खरं ते खरं. अर्जासोबतचा निबंध तिचा नव्हताच, माझा होता.

फुटपट्टी म्हणजे माझी भाची, दादाची मुलगी. लांब, सडसडीत, आणि स्वतःचं म्हणणं सोडून इकडची तिकडे व्हायची नाही, म्हणून मी ठेवलेलं नाव. आता एकोणीस वर्षांची आहे. गेल्या वर्षी निबंध लिहायला बसली तेव्हा मी म्हटलं, बघू गं, एक शब्द खटकतोय. मग एक वाक्य खटकलं. मग म्हटलं, हा परिच्छेदच काढ, मी सांगते तसं लिही. असं करता करता तिचं एक अक्षर त्यात उरलं नाही आणि मला पत्ताही लागला नाही. कॉलेजचं उत्तर आलं. नकार देताना कोणी कारण सांगत नाही, पण यांनी खाली एक ओळ लिहिली होती: ‘निबंध चांगला आहे, पण लिहिणारी यात कुठे दिसत नाही.’

दिसणार कशी? लिहिणारी चव्वेचाळीस वर्षांची होती आणि पलीकडच्या खोलीत बसून नखं खात होती.

त्या कॉलेजात दोनदाच अर्ज करता येतो. म्हणजे यंदा शेवटचं. मी कानाला खडा लावला. म्हटलं, बाई गं, काय लिहायचं ते लिही, मी कागदाला हात लावणार नाही. चुलीत घालायचा असला तरी तुझ्या हाताने घाल.

यंदाचा विषय आला तो असा: तुमच्या घरातली एक जागा. आठशे शब्द, आणि सोबत त्या जागेचा हाताने काढलेला, मापांसह नकाशा. शुक्रवारपर्यंत पाठवायचं.

रविवारी फुटपट्टी गॅलरीत जाऊन बसली. तासाभराने येऊन वाचून दाखवायला लागली. सकाळचा प्रकाश गॅलरीत कसा झिरपतो, अवकाश कसा श्वास घेतो...

“कोण श्वास घेतो?”

“अवकाश.”

“आपल्या गॅलरीत? तिथे कपडे वाळत घालायची दोरी आणि तुझ्या बाबाच्या फळ्या. श्वास घ्यायला जागा कुठाय?”

“आत्या, तू हात लावणार नव्हतीस ना?”

“हात कुठे लावलाय? तोंड लावलं.”

तिने कागद फाडला. सोमवारी जिना लिहिला, तोही फाडला. मंगळवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर बाईसाहेब स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर बसलेल्या, मांडीवर वही, आणि ओट्याकडे टक लावून बघतायत.

“आत्या,” ती म्हणाली, “आई नेमकी कुठे उभी राहायची?”

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. वहिनी गेली तेव्हा ही सहा वर्षांची होती. तेरा वर्षं झाली. आमच्या घरात वहिनीबद्दल कोणी बोलत नाही. भांडण नाही, बंदी नाही. दादा मुळातच मूग गिळून बसणारा, आणि मी, जी एरवी भिंतीशीही बोलेन, तिचं नाव आलं की उठून भलतंच काम काढते. म्हणून सोपा मार्ग, नाव घ्यायचं नाही.

“ओट्याशी,” मी म्हटलं. “ओट्याशी माणूस कुठे उभं राहतं? समोर.” आणि हातपाय धुवायला निघून गेले.

आता वहिनी कोण होती ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल नणंद-भावजयीचं काहीतरी शिजत असणार. काही शिजत नव्हतं. ती माझी मैत्रीण होती. या घरात आली तेव्हा मी चोवीस वर्षांची, नोकरीला नवीन, आणि सगळ्या जगावर चिडलेली. ती चार फूट नऊ इंच. आमचं घराणं म्हणजे खांबांचं, दादा सहा फूट, मी त्याच्या खालोखाल. ती आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहिली की म्हणायची, मला कुणी शोधायला आलं तर सांगा, दोन इमारतींच्या बोळात आहे.

मी नकाशे काढते. इमारत दुसऱ्याच्या डोक्यात असते, मी ती कागदावर आणते. नाव साहेबांचं, रेघा माझ्या. वहिनीला ते सहन व्हायचं नाही. एकदा ती कुठूनशी माझ्यासाठी आर्किटेक्चरच्या प्रवेशाचा फॉर्म घेऊन आली. म्हणाली, तू रेघा मारतेस, तर तूच घर पण बांध की. मी म्हटलं, करू पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी ती आजारी पडली. आठ महिन्यांत संपलं. फॉर्म मग मी शोधलाही नाही. तर गेल्या वर्षी फुटपट्टीच्या नावाने जो निबंध गेला, तो खरं म्हणजे तेव्हापासून माझ्या पोटात होता. पोरीचं वर्ष वाया घालवून बाहेर पडला.

असो. बुधवारी फुटपट्टीने स्वयंपाकघराचा नकाशा काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

“निबंधाला हात लावू नकोस. पण नकाशा तपास. ते तुझं काम आहे.”

हे मात्र बरोबर होतं. आमच्या ऑफिसात माझा एक कायदा आहे: मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. नवीन आलेली मुलं अंदाजे आकडे ठोकून देतात, खोली आहे ना, असेल दहा फूट. मी त्यांना परत पाठवते, मग पाऊस असो, ऊन असो, चौथा मजला असो. मागून मला ‘टेपबाई’ म्हणतात, मला माहीत आहे. म्हणू देत.

तिचा नकाशा चांगला होता. मी तोंडावर सांगितलं नाही, पण चांगला होता. रेघ न थरथरता गेली होती. खिडकी, बेसिन, कपाटाची दारं कुठल्या बाजूला उघडतात, सगळं होतं. खाली ओटा समोरून काढलेला, त्याची लांबी होती, रुंदी होती. फक्त उंचीचा बाण मोकळा.

“उंची राहिली,” मी म्हटलं, आणि हातात पेन होतंच, लिहून टाकली. ८५ सेंटिमीटर.

तिने नकाशा उचलला आणि गेली. मीही टीव्हीसमोर जाऊन बसले, जसं काही झालंच नाही.

गुरुवारी मी ऑफिसातून आले तर ओट्याखालच्या कपाटातली सगळी भांडी जमिनीवर. पातेली, झाकणं, डबे, पाय ठेवायला जागा नाही. आणि मधोमध फुटपट्टी, हातात दादाची टेप.

“हे काय मांडलंयस? घर आहे का भांड्यांचं दुकान?”

“आत्या, ओटा चौऱ्याहत्तर आहे.”

“काय चौऱ्याहत्तर?”

“उंची. तू पंच्याऐंशी लिहिलीस. चौऱ्याहत्तर आहे. मी तीनदा मोजली.”

“टेप नीट धरली नसशील.”

“धरली होती.”

“मग टेपचं टोक झिजलं असेल. तुझ्या बाबाच्या टेपा सगळ्या झिजलेल्या.”

तिने टेप माझ्या हातात दिली. मी पिशवी खाली ठेवली, गुडघ्यावर बसले, टोक फरशीला टेकवलं आणि पट्टी वर ओढली. चौऱ्याहत्तर.

मला कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. बावीस वर्षं दुसऱ्यांना मोजायला लावणारी मी, स्वतःच्या घरचा ओटा न मोजता लिहून बसले. ओटा म्हटला की पंच्याऐंशी, सगळीकडे तेवढाच असतो, हजार नकाशांत मी तोच आकडा लिहिलाय. हाताने आपला आपणच लिहिला. आणि हा कुठला ओटा? ज्याच्यापुढे मी तेरा वर्षं दोन्ही वेळा उभी राहते तो.

“म्हणून तुझी पाठ दुखते,” फुटपट्टी म्हणाली.

पाठीचं काय काय केलंय मी! पट्टा बांधला, तेलं चोळली, ऑफिसातली खुर्ची तीनदा बदलून घेतली, साहेबांशी त्यावरून भांडले. डॉक्टरांनी विचारलं होतं, घरी वाकून काही काम करता का? मी ठणकावून सांगितलं, छे, आमच्याकडे ओटा आहे.

“पण इतका बुटका का बांधला?” फुटपट्टीने विचारलं. “आणि हे काय आहे? आत लिहिलंय.”

तिने मोबाइलचा उजेड कपाटात मारला. मी वाकून बघितलं. कपाटाच्या आतल्या बाजूला, लाकडावर, पेन्सिलीने लिहिलेलं होतं: ‘७४. वहिनी.’ खाली पिठाचे दोन पुसट ठसे, बोटांचे. सात काढताना शेपूट लांब ओढायची सवय माझी आहे. अक्षर माझं होतं.

मी तिथेच भांड्यांत बसले.

मग सगळं आठवलं. इतकं लख्ख आठवलं की राग आला, की इतके दिवस कुठे होतं हे. वहिनी नवीन असताना जुना ओटा तिच्या छातीपर्यंत यायचा. ती एका लाकडी ठोकळ्यावर उभी राहून काम करायची, आणि एक दिवस त्यावरून घसरून पडली. दादा सुतार आहे. दुसऱ्या दिवशी हत्यारं घेऊन आला आणि म्हणाला, इथे उभी राहा. ती पीठ मळत होती, तशीच उभी राहिली, हात कोपरात वाकवून, बोटांना पीठ. दादाने कोपराच्या वीतभर खाली टेप धरली, मी तिचं टोक फरशीला. माप झालं. ती म्हणाली, “अहो, परत मोजा. मी अजून वाढतेय.” दादाने परत मोजलं. ती हसायला लागली, म्हणाली, “आता परत मोजा, या दोन मिनिटांत वाढले असेन.” दादा हसत नाही कधी, पण तो हसला. मी इतकी हसले की खालचं टोक सुटलं. सुतार कागद वापरत नाहीत, माप लाकडावरच लिहितात. दादा म्हणाला, लिही गं, आणि मी लिहिलं.

मीच लिहिलं होतं. आणि मीच विसरले. तिचं माप मी विसरले, आणि त्या जागी सगळ्या जगाचं माप लिहून टाकलं. मला वहिनी इतकी हवीशी झाली त्या क्षणी, की काय सांगू. बाकी काही नको, फक्त येऊन म्हणावं तिने, काय गं टेपबाई, मोजलं नाहीस होय?

फुटपट्टीला मी ठोकळ्याचं सांगितलं, मापाचं सांगितलं. ‘अजून वाढतेय’ हे मात्र सांगता आलं नाही.

दादा कामावरून आला, भांडी ओलांडून बेसिनशी गेला आणि हात धुवायला वाकला. रोज वाकतो. मी पहिल्यांदा बघितलं.

“बाबा,” फुटपट्टीने विचारलं, “ओट्याची उंची किती?”

“चौऱ्याहत्तर,” तो म्हणाला. मान वळवली नाही, नळ बंद केला नाही.

म्हणजे याला पाठ होतं!

“अरे दादा,” मी उसळले, “तू सुतार ना? जगाचे ओटे करतोस. हा उंच करायला काय झालं होतं? माझ्या पाठीचा भुगा झाला!”

“दोन दिवसांचं काम आहे,” तो म्हणाला.

“मग तेरा वर्षांत दोन दिवस मिळाले नाहीत?”

त्याने टॉवेल घेतला, एकेक बोट पुसलं. “नाही मिळाले,” म्हणाला, आणि बाहेर गेला.

फुटपट्टी त्या रात्री जेवून लवकर झोपली. शुक्रवारी सकाळी मी उठले तर ती ओट्याशी उभी होती, वही ओट्यावर, पाठीचं धनुष्य झालेलं, आणि खाली मान घालून लिहीत होती. मी चहासुद्धा बाहेरच्या खोलीत बसून प्यायले, तिने ओतून आणून दिलेला. दुपारी तिने अर्ज पाठवला. मी विचारलं नाही काय लिहिलं. जीभ चावून चावून विचारलं नाही. सहा आठवडे जीव टांगणीला, आणि त्या सहा आठवड्यांत मी दिवसातून दोनदा देवाला सांगायचे की हिला मिळू दे, आणि भाजी चिरताना मनात यायचं, मिळालं तर ही जाणार. कॉलेज इथून गाडीने एक अख्खा दिवस आणि वर अर्धी रात्र. मग या घरात मी आणि दादा, म्हणजे मी आणि भिंत.

उत्तर आलं तेव्हा मी ऑफिसात होते. फोनवर आधी नुसतं रडणं ऐकू आलं. मी म्हटलं, गेलं! मग ती म्हणाली, “मिळालं, आत्या.” मी साहेबांना न विचारता ऑफिस सोडलं.

घरी आल्यावर तिने पत्र दाखवलं. यंदाही खाली एक ओळ होती: ‘या वेळी लिहिणारी दिसली. नकाशातला खोडलेला आकडा आमच्या लक्षात राहील.’

“खोडलेला आकडा?” माझा आनंद तिथल्या तिथे जिरला. “खाडाखोड केलेला नकाशा पाठवलास तू? कॉलेजला? नवा कागद नव्हता घरात? बावीस वर्षांत मी एक असा कागद ऑफिसबाहेर जाऊ दिला नाही!”

“आत्या, बस,” ती म्हणाली, आणि निबंधाची प्रत माझ्या हातात दिली. “आता हात लाव.”

मी चष्मा लावला.

‘आमचा ओटा चौऱ्याहत्तर सेंटिमीटर उंच आहे,’ तिने सुरुवात केली होती. ‘तो माझ्या आईच्या मापाचा आहे. मी सहा वर्षांची असताना आई गेली. ओट्याशी उभी असलेली आई मला आठवत नाही. मी खूप प्रयत्न करते, पण आठवत नाही. मला आठवते ती आत्या, वाकलेली. शाळेतून आले की दारातून आधी तिची पाठ दिसायची, आणि पाठ दिसली की मला भूक लागायची.’

मग ओट्याचं, ठोकळ्याचं, कपाटातल्या अक्षराचं सगळं होतं. साधं, सरळ. अवकाश कुठेही श्वास घेत नव्हता. आणि शेवटी:

‘माझी आत्या मोजल्याशिवाय आकडा लिहीत नाही. या नकाशात तिने एकच आकडा न मोजता लिहिला आणि तो चुकला. मी तो खोडला आहे, पण पुसलेला नाही. हा ओटा आपल्या मापाचा नाही हे तिला तेरा वर्षं कळलंच नाही. तिने तक्रार पाठीची केली, ओट्याची कधी केली नाही. मला घरं बांधायला शिकायचं आहे. पहिल्यांदा मला तिला मोजायचं आहे.’

मी रडले. डोळ्याला पदर वगैरे नाही, चांगलं भोकाड पसरलं. फुटपट्टी म्हणाली, शेजारचे येतील. मी म्हटलं, येऊ देत.

पुढे आठ दिवस घरात एकच वाद. ओटा उंच करायचा. मी म्हटलं, हात लावाल तर खबरदार, तो तिचा आहे. फुटपट्टी म्हणाली, आत्या, खालचं काही तोडायचं नाही, तेच कपाट, तीच फळी, वरून भर घालायची, मी काढलंय बघ. आणि कागद पुढे केला. तिने खरंच काढलं होतं. ‘७४’ जिथे लिहिलंय ती फळी तशीच ठेवली होती, तिच्यावर नवीन तुकडा, आणि उंचीचा बाण मोकळा. मी दादाकडे बघितलं. वाटलं, हा तरी नको म्हणेल. तो म्हणाला, “दोन दिवस मिळालेत आता.”

ती निघायच्या आदल्या दुपारी त्यांनी मला स्वयंपाकघरात उभं केलं. मी पीठ मळत होते, फुटपट्टी म्हणाली, हात धुऊ नकोस, तशीच ये. मी कोपरात हात वाकवून उभी राहिले. बोटांना पीठ. दादाने कपाटाचं दार उघडलं आणि पेन्सिल घेऊन खाली बसला. फुटपट्टीने टेपचं टोक पायाने फरशीला दाबलं आणि पट्टी माझ्या कोपराच्या वीतभर खालपर्यंत ओढली.

“आत्या, सरळ उभी राहा.”

“आहे की सरळ.”

“नाहीस गं.”

“म्हणजे काय नाही? सरळच आहे मी!”

तिने टेप सोडली, माझ्या पाठीवर तळहात ठेवला आणि हळूच दाबला. पाठ वर आली. अजून दाबला, अजून वर आली. मला खरंच वाटत होतं की मी सरळ उभी आहे.

मग तिने परत टेप लावली, आकडा बघितला आणि बाबाला सांगायला तोंड उघडलं. उद्या या वेळेला ही गाडीत असेल. माझ्या पाठीवर तिच्या हाताची ऊब अजून होती.

“थांब,” मी म्हटलं. “परत मोज. मी अजून वाढतेय.”

फुटपट्टी हसली. तिला काय माहीत. खाली दादाची पेन्सिल लाकडावर टेकलेली होती, ती तशीच राहिली. त्याने मान वर केली नाही.

“मोज गं,” तो कपाटात तोंड घालून म्हणाला. “परत मोज.”

तिने परत टेप लावली.